सासूबाईंची घाई, भावाची घाई आणि कायद्याची मुदत

जपानमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचक बाईंचं पत्र आलं आहे. माहेर नाशिक जिल्ह्यात, घरी द्राक्षबागा. सात वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त त्या कानागावात गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं. नोंदणी तिथल्या वॉर्ड ऑफिसात झाली, समारंभ नंतर नाशिकला. आता पाचवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, ‘बाळ येण्याआधी जपानी नागरिकत्व घे. आमच्या घराच्या नोंदवहीत तू सून म्हणून दिसतच नाहीस, उद्या नातवंडाची आई परकी दिसेल.’ आई म्हणते, ‘पहिलं बाळंतपण माहेरीच, आणि बाळाचे दोन्ही पासपोर्ट काढून ठेवा, कुणाला कळतंय!’ भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर हक्कसोडपत्राचा मसुदा धाडलाय: तू जपानी झालीस की शेतजमीन तुझ्या नावावर राहणार नाही, आत्ताच सही केलीस तर पुढची कटकट वाचेल. त्यात आत्याने विचारलं, ‘उद्या बिनसलं तर पोर कुणाचं?’ बाई विचारतात, ‘यातलं कुणाचं ऐकू, आणि आधी काय करू?’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात चार माणसं आहेत आणि चौघांनाही घाई आहे. कायद्याच्याही काही मुदती आहेत, त्यातल्या एक-दोन फार कडक आहेत. पण त्यांचा उल्लेख या चौघांपैकी एकानेही केलेला नाही. ज्याला मुदतच नाही त्यासाठी सगळे तुमच्या मागे लागलेत. तेव्हा कुणाचं ऐकायचं हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि कुठल्या गोष्टीला खरोखर तारीख आहे ते आधी पाहू.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण त्यांचं म्हणणं सगळ्यात मोठं आहे आणि अर्धं खरंही आहे. कोसेकी, म्हणजे जपानची कुटुंब नोंदवही, फक्त जपानी नागरिकांची असते. परदेशी सुनेला किंवा जावयाला तिच्यात स्वतंत्र जागा नाही. पण त्या ज्याला ‘आमच्या घराची नोंदवही’ म्हणतात, तिच्यात आता त्यांचा मुलगाही नाही. तुमच्या लग्नाची नोंद झाली तेव्हाच त्याचं नाव आईवडिलांच्या कोसेकीतून निघालं आणि त्याची स्वतःची नवी कोसेकी उघडली गेली. तीत त्याच्या नावाखाली लग्नाची तारीख आहे आणि तुमचं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्वही आहे. बाळ आलं की त्याची नोंद तिथेच होईल आणि ‘आई’ या रकान्यात तुमचंच नाव येईल, काताकाना लिपीत. नवऱ्याला म्हणावं, वॉर्ड ऑफिसातून कोसेकीचा ताजा उतारा आण आणि आईसमोर ठेव. निम्मी काळजी तिथेच मिटेल. उतारा तुम्ही नव्हे, त्याने ठेवायचा. हे त्याच्या घरचं बोलणं आहे.

त्यांच्या डोक्यात जुनं चित्र असण्याचीही शक्यता आहे. जुलै २०१२ पर्यंत जपानमधल्या परदेशी लोकांची नोंद वेगळ्या व्यवस्थेत होती आणि रहिवासी दाखल्यावर त्यांची नावं येत नसत. घरात नवरा, बायको, दोन मुलं असली तरी कागदावर बायको गायब, मुलं जणू एकट्या बापाची. ते बदललं. आज तुमचा आणि नवऱ्याचा रहिवासी दाखला एकच निघतो. शाळा, बँक, पाळणाघर, सगळीकडे रोज लागतो तो हाच कागद.

आता नागरिकत्व. बाळ जपानी होण्यासाठी तुम्ही जपानी होण्याची काहीही गरज नाही. १९८५ पासून आई किंवा बाप, दोघांपैकी एक जपानी असला तरी पुरतं. त्याआधी फक्त बापाचं चालायचं. शिवाय तुम्ही आज अर्ज केलात तरी निर्णयाला सहज वर्षभर लागू शकतं. म्हणजे ‘बाळाच्या आधी’ हे गणित मुळातच बसत नाही.

सासूबाईंनी कदाचित विचारही न केलेली एक गोष्ट यात आहे. जपानी माणूस परदेशी व्यक्तीशी लग्न करतो तेव्हा दोघांची आडनावं आपापली राहतात. नवऱ्याला तुमचं आडनाव लावायचं असतं तर लग्नानंतर सहा महिन्यांत नुसत्या अर्जावर लावता आलं असतं. त्यानंतर फॅमिली कोर्टाची परवानगी लागते. पण दोघेही जपानी असले की नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे, असं तिथला दिवाणी कायदा सांगतो. या नियमाला आव्हानं दिली गेली, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये तो कायम ठेवला. म्हणजे तुम्ही नागरिकत्व घेतलंत की दोघांपैकी एकाला आडनाव सोडावं लागेल, आणि ते कुणी सोडायचं यावर घरात फार चर्चा होईल असं मला वाटत नाही. तुम्हाला ते चालणार असेल तर प्रश्नच नाही. पण हो म्हणण्याआधी ते माहीत असावं.

दुसरी बाजू भारताची. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपतं. पासपोर्ट परत करायचा, मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. ते चांगलं कार्ड आहे, आयुष्यभर व्हिसाची भानगड नाही, पण ते नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

माझं मत विचाराल तर बाळंतपणाच्या वर्षात हा निर्णय करूच नका. तुम्हाला हवी आहे ती निश्चिंती पीआरमध्ये, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यात, मिळते. जपानी नागरिकाच्या जोडीदाराला त्यासाठी दहा वर्षं थांबावं लागत नाही. लग्नाला तीन वर्षं आणि जपानमध्ये सलग एक वर्ष वास्तव्य एवढ्यावर अर्ज करता येतो, हातातला व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा असेल तर. तुमच्या लग्नाला दोन झाली, म्हणजे पुढच्या वर्षी. कर, पेन्शन आणि आरोग्य विम्याचे हप्ते वेळच्या वेळी भरलेले असू द्या, तिथे ते फार बारकाईने बघतात. जाणूनबुजून कर किंवा हप्ते थकवणाऱ्यांचा पीआर काढून घेण्याची तरतूदही २०२४ च्या दुरुस्तीत झाली आहे. जपानी नागरिकत्व घेणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. कितीतरी मराठी माणसांनी ते विचारपूर्वक घेतलंय. तिथे मत द्यायचं असेल, तिथेच म्हातारं व्हायचं असेल, तर घ्यावं. सुनेची परीक्षा पास व्हायला घेऊ नये.

आता आईचं माहेरपण. ही इच्छा तुमच्या सासूबाईंना परकी वाटेल असं समजू नका. जपानमध्येही पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत आहे, तिला ‘सातोगाएरी’ म्हणतात. सासूबाई स्वतः गेल्या असतील. पण नाशिकला बाळंत व्हायचं तर पहिली खरी मुदत इथे येते. नीट वाचा.

बाळ भारतात जन्मलं आणि आई भारतीय असली की आपल्या कायद्याने ते जन्मतःच भारतीय. बापामुळे ते जपानीही असतं. जपानचा नियम असा की परदेशात जन्मलेल्या आणि जन्मामुळेच दुसरं नागरिकत्व मिळालेल्या मुलाची नोंद जन्मापासून तीन महिन्यांत झाली पाहिजे आणि त्याच अर्जात ‘जपानी राष्ट्रीयत्व राखून ठेवतो’ अशी घोषणा सहीनिशी केली पाहिजे. मुंबईच्या जपानी वकिलातीत करा किंवा नवऱ्याने तिकडे वॉर्ड ऑफिसात करावी. तीन महिने उलटले तर बाळाचं जपानी राष्ट्रीयत्व जन्मापासूनच गेलं असं धरलं जातं. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या मुलांचं असं प्रकरण जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने नियम वैध ठरवला. गेलेलं राष्ट्रीयत्व परत मिळवण्याची वाट आहे, मूल अठराच्या आत असेल आणि जपानमध्ये राहत असेल तर; पण त्या बाळाला आधी परदेशी म्हणून व्हिसा काढून जपानमध्ये न्यावं लागेल. सव्वा महिना, बारसं, पाहुणे यात तीन महिने कसे जातात ते तुमच्या आईला विचारा.

बाळ जपानमध्येच झालं तर ही घोषणा लागत नाही. चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात जन्माची नोंद केली की झालं.

म्हणून एक तिसरा मार्ग सुचवते. तुम्ही जाण्याऐवजी आईला तिकडे बोलवा. नातेवाईकांच्या भेटीचा व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो; बाळंतपणाच्या दोन आठवडे आधी आल्या तरी सव्वा महिना आरामात निघतो. डिंकाचे लाडू आणि अळीव नाशिकहून आणता येतात. आई मात्र घर सोडून यायला तयार पाहिजे, आणि पथ्यपाण्यावरून सासूबाईंशी होणाऱ्या चर्चेत दुभाषाचं काम तुम्हालाच करावं लागेल, तेही टाके ओले असताना. हे तुमचं तुम्ही तोला. पैशासाठी मात्र अडून बसू नका: जपानी आरोग्य विम्यातून बाळंतपणासाठी मिळणारी रक्कम एप्रिल २०२३ पासून पाच लाख येन आहे, आणि परदेशात बाळंतपण झालं तरी अर्ज करता येतो, रक्कम थोडी कमी, कागद जास्त. नाशिकला जायचंच ठरलं तर तुमच्या व्हिसाची मुदत मध्येच संपत नाही ना, हे निघण्याआधी रेसिडन्स कार्डावर बघा.

राहिला ‘दोन्ही पासपोर्ट, कुणाला कळतंय’ हा सल्ला. कळतं. विमानतळावरच कळतं. जपान मुलाची दोन राष्ट्रीयत्वं चालवून घेतो. अठरापूर्वी दुहेरी झालेल्याने विसाव्या वर्षापर्यंत एक निवडायचं, असा तिथला नियम आहे. अडचण आपल्या बाजूची आहे. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढणं म्हणजे ते नागरिकत्व स्वेच्छेने घेणं, असं भारतीय नियम मानतात. जपानमध्ये जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिक म्हणून नोंदवायचं असेल तर टोकियोच्या दूतावासात एका वर्षाच्या आत नोंदवावं लागतं, आणि त्या वेळी ‘याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही’ असं तुम्हाला लिहून द्यावं लागतं. खोटं लिहून बाळाच्या आयुष्याची सुरुवात करू नका. उलट केवळ भारतीय पासपोर्ट काढून ठेवला तर जपानी नागरिक असलेल्या बाळाला जपानमध्ये शिरतानाच पंचाईत. नाशिकला जन्मलेल्या बाळाचा जपानी पासपोर्ट काढला तर भारतातून निघताना एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाची, परवानगी लागते, तिलाही दिवस धरा.

तुमच्यासारख्या घरांना बहुधा सोयीचा पडतो तो मार्ग साधा आहे: बाळाला जपानी पासपोर्ट आणि आई भारतीय असल्याच्या आधारावर ओसीआय. तुमच्या नवऱ्यालाही ते मिळू शकतं. भारतीय नागरिकाशी झालेलं लग्न नोंदलेलं असावं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असावं, ही अट तुम्ही पूर्ण केली आहे.

आत्याचा प्रश्न कानाला बोचतो, पण त्याचं उत्तर तुमच्याकडे असावं, आणि हे वाचणाऱ्या इतरांकडेही. जपानमध्ये घटस्फोट एका फॉर्मवर होतो: दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, वॉर्ड ऑफिस. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. फॉर्म एकाने एकट्याने नेऊन दिला तरी चालतो, त्यामुळे खोट्या सहीचे प्रकार घडतात. ‘माझ्या हजेरीशिवाय असा फॉर्म स्वीकारू नका’ अशी विनंती वॉर्ड ऑफिसात आधीच नोंदवता येते; परदेशी जोडीदारालाही येते. तुम्ही उद्या जाऊन ती द्या असं मी म्हणत नाही, ती सोय आहे एवढं लक्षात असू द्या. पूर्वी घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आई किंवा बाप, एकालाच मिळे. २०२४ मध्ये कायदा बदलला, आणि १ एप्रिल २०२६ पासून संयुक्त ताब्याचाही पर्याय आहे. मूल घेऊन देश सोडण्याबाबतचा हेग करार जपानने २०१४ पासून लागू केला, भारत मात्र त्यात नाही. म्हणजे भांडण झालं आणि कुणीही मूल घेऊन विमानात बसलं, तर दोन देशांच्या कोर्टांमध्ये ते मूल वर्षानुवर्षं अडकू शकतं. रागात माहेरी निघायची आपल्याकडची रीत या लग्नात फार महाग पडते. आणि कधी वेळ आलीच तर नुसत्या फॉर्मवर न थांबता तिथल्या फॅमिली कोर्टातून कागद करून घ्या. भारतातली न्यायालयं परदेशी घटस्फोट तपासताना कोर्टाच्या निर्णयाकडे पाहतात. लग्न मोडलं तर चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, पण जपानी मुलाला प्रत्यक्ष वाढवणाऱ्या परदेशी आईला तिथे राहू देण्याचं धोरण १९९६ पासून आहे. व्हिसा जाईल या भीतीने कुणी मार खात बसायची गरज नाही.

शेवटी भाऊ. त्याचं मूळ गृहीतच चूक आहे. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे बरोबर. वारसाने मात्र येते, आणि ठेवताही येते. पुढे विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते. तुम्ही तर अजून पूर्ण भारतीय नागरिक आहात. भावाला हे ठाऊक नसेल, किंवा असेलही. मी त्याच्या मनात शिरत नाही.

दुसरं, जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर त्यांच्या हयातीत तुमचा तीत हक्कच उभा राहिलेला नाही. नसलेला हक्क सोडणार कसा? वडिलोपार्जित असेल तर मुलगी जन्मतःच हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच दिलं, देशभर २००५ मध्ये आलं, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची शंका संपवली. हिस्सा सोडायचाच तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मसुद्यावर सही करून तो परत पाठवल्याने काही होत नाही, फक्त पुढे भांडणाला पुरावा तयार होतो.

या जमिनीची एक गोष्ट तुमच्या भावालाही माहीत नसेल. नोकरीच्या व्हिसावर दहा वर्षांहून कमी काळ असलेल्या परदेशी माणसाला मायदेशी वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर जपानमध्ये वारसा कर सहसा पडत नाही. जोडीदाराचा व्हिसा किंवा पीआर असला की ही सूट जाते. म्हणजे तुम्ही कानागावात असताना नाशिकची जमीन वारसाने आली तर ती जपानच्या वारसा कराच्या हिशेबात येते, भारतात तो कर १९८५ पासून नसला तरी. तीन कोटी येन आणि प्रत्येक वारसामागे साठ लाख येन एवढी रक्कम करमुक्त आहे. आई, भाऊ आणि तुम्ही असे तीन वारस धरले तर चार कोटी ऐंशी लाख येन, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या वर. तुमचा हिस्सा बहुधा त्याच्या आत बसेल. द्राक्षपट्ट्यातले जमिनीचे भाव पाहता मी खात्री देत नाही. कराचं विवरणपत्र भरायला दहा महिने मिळतात. वडिलांना मृत्युपत्र करायचं असेल तर हे सांगून करायला लावा, आणि एखाद्या जपानी कर सल्लागाराला एकदा विचारून ठेवा.

भावाशी यावरून वाजवू नका. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार ऑनलाइन मागवा, जमीन आजोबांकडून आलेली की वडिलांनी घेतलेली ते बघा. त्याला कळवा की मसुदा मिळाला, बाळ झाल्यावर आणि कागद वाचल्यावर बोलू. तो म्हणेल, इतका वेळ कशाला. हक्कसोडीला कायद्याने कुठलीही मुदत नाही.